म्हाळू मिस्त्रीचा कान

दौंडात रेल्वेच्या पुलाखालून अलीकडे आलं की पत्र्याचं एक गॅरेज लागतं. बाहेरून पाहणाऱ्याला ते भंगारवाल्याचं दुकान वाटावं. पण आत जी गाडी उभी असते ती भंगारातली नसते. कुणाच्या तरी आजोबांनी ती साहेब देश सोडून जाताना त्याच्याकडून घेतलेली असते. ऑस्टिन, मॉरिस, हिलमन, एमजी. एमजी म्हणजे आत्ता शोरूमच्या काचेमागं दिसते ती नव्हे. साहेबाच्या देशात, साहेबाच्याच काळात घडवलेली, लांब नाकाची आणि उघड्या टपाची. असली गाडी बंद पडली की मालक आधी पुण्यातल्या दोनचार ठिकाणी हात पोळून घेई आणि मग मुकाट्याने दौंडची वाट धरी. कारण दौंडात म्हाळू मिस्त्री होता.

म्हाळू मिस्त्रीचा बाप इथल्याच लोकोशेडात होता. कोळशाच्या इंजिनाच्या चाकावर हातोडी मारायची आणि नुसत्या आवाजावरून चीर ओळखायची, हे त्याचं काम. पोराने बापाचा कान घेतला. तोंड कुणाचं घेतलं ते कुणास ठाऊक. त्या तोंडाला ना गिऱ्हाइकाची पर्वा होती ना पाहुण्याची. एकदा पाटसचा कुणी डॉक्टर आपल्या हिलमनबद्दल दोन शब्द जास्त बोलला, तर म्हाळू मिस्त्री त्याला म्हणाला, "डाक्टर, तुमी मान्सं मारा, गाडी मला राहू द्या." डॉक्टर हसला. माणूस अडला की हसतोच.

त्या कानाची करामत बघायला मात्र लोक मुद्दाम थांबत. या जुन्या गाड्यांत पुष्कळदा दोन कार्ब्युरेटर असतात, आणि दोघांनी सारखी हवा ओढली तरच इंजिन सुरात चालतं. एकाने जास्त ओढली की गाडी दम्याच्या रोग्यासारखी धापा टाकते. सारखेपणा मोजायला आता मीटर मिळतो. म्हाळू मिस्त्री मीटरवाल्यांना थू करायचा. त्याच्याजवळ हातभर लांबीची काळी रबरी नळी होती. तिचं एक टोक कानात घालायचं, दुसरं कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचं, आणि आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा ऐकायचा. आधी डावा, मग उजवा, मग पुन्हा डावा. स्क्रू चिमटीत धरून केसभर इकडे, केसभर तिकडे. तेवढा वेळ शेजारचा चहावाला भांडी वाजवत नसे. शेवटी मिस्त्री डोळे उघडून म्हणे, "लागला कान." की झालं. मालकाने चावी घ्यावी आणि शिरूरपर्यंत गुणगुणत जावं.

महेंद्र या गॅरेजात मिसरूड फुटायच्या वयात आला, तो आता त्याची कानशिलं पांढरी झाली तरी इथंच होता. राहूहून रोज मोटारसायकलवर यायचा. विलायती पाने, उलट्या अर्थिंगच्या वायरी, ब्रेकच्या रबरी वायसरी, सगळं त्याच्या हाताखालून गेलेलं. हात चांगला होता त्याचा, आणि हे मिस्त्रीलाही माहीत होतं. म्हणूनच बहुधा मिस्त्री तसं कधी बोलला नाही.

बोलायचा तो एकाच गोष्टीबद्दल, महेंद्रच्या मनगटाबद्दल. जुन्या गाडीला नाकाखालून हँडल घालून फिरवतात. त्याचा एक नियम आहे: अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. इंजिनाने उलटा झटका मारला तर उघड्या हातातून हँडल नुसतं निसटतं. मूठ वळलेली असली तर हात घेऊन जातं. महेंद्र नवा होता तेव्हा मिस्त्रीने त्याला एका ऑस्टिनपुढं उभं केलं. त्या ऑस्टिनचं टायमिंग पुढं गेलंय, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडतेय आणि ती उलटी लाथ मारणार, हे मिस्त्रीला पक्कं ठाऊक होतं. नियम त्याने सांगितला नाही. वर म्हणाला, "घाल की जोर! आईचं दूध पेलास का न्हाई?" महेंद्रने मूठ वळली आणि घातला जोर. हाड मोडल्याचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. पोरगं मातीत लोळत होतं आणि मिस्त्री स्टुलावर बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. "आता जल्मात इसरायचा न्हाई," तो म्हणाला.

नाहीच विसरला. तेवढं मिस्त्रीचं बरोबर होतं.

हाड वाकडं बसलं. पुढं कुणीही नवं गिऱ्हाईक आलं की म्हाळू मिस्त्री चहा मागवी आणि हाक मारी, "ए म्हेंद्र्या, दाव रं मनगट!" महेंद्र हातातला पाना ठेवून यायचा, बाही वर करायचा, वाकडं मनगट दाखवायचा. मिस्त्री गोष्ट सांगायचा, पाहुणे हसायचे, महेंद्र बाही खाली करून पुन्हा गाडीखाली जायचा. त्याचं लग्न झालं तेव्हा मांडवात मिस्त्रीने हीच गोष्ट सांगितली. नवरी मोनाली तोंडाला पदर लावून हसली होती. त्या हसण्याचा सल महेंद्रला हाडापेक्षा जास्त होता.

तरी तो टिकून राहिला. का, असं कुणी विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की दुसरीकडे हे काम शिकायला मिळत नाही. खरं कारण अंजनाबाई होती, मिस्त्रीची बायको. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. त्यांना मूलबाळ नव्हतं. रोज दुपारी ती महेंद्रला आत बोलवायची आणि चुलीवरची भाकरी ताटात टाकायची. मिस्त्रीने सकाळी जे तोंडसुख घेतलेलं असे, त्यावर तिच्या हातचा ठेचा उतारा होता.

तर असं चाललेलं असताना दोन गोष्टी एकदम झाल्या. रस्ता रुंदीकरणात गॅरेजची जागा जाणार असं नक्की झालं; लाल रंगाची फुली पत्र्यावर येऊन पडली. आणि शितलताईंनी न्हावरे फाट्यावर शेड बांधायला काढलं.

शितलताई शिरूरच्या. सासऱ्यांना जुन्या गाड्यांचा नाद होता; सासरे गेले आणि गाड्या राहिल्या. दुसरीने विकल्या असत्या. या बाईने त्या लग्नांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. पूर्वी नवरदेव घोड्यावर बसायचा. आता कोरेगाव भीमापासून दौंडापर्यंत कुठल्याही बागायतदाराच्या पोराला उघड्या टपाची विलायती गाडीच लागते, पुढं डीजे आणि वर ड्रोन. पण साहेबाने गाडी केली ती मैलोगणती पळण्यासाठी, डीजेमागे मुंगीच्या चालीने सरकण्यासाठी नव्हे. वरातीत गाडी तापायची, पेट्रोल नळीतच उकळायचं, कार्ब्युरेटर रुसायचे. मागच्या हंगामात शिरूरच्या भर बाजारात लाल एमजी अशीच बंद पडली आणि नवरदेवाला बाशिंग सावरत चालत जावं लागलं. मुलीकडच्यांनी त्यावरून वर्षभर पुरेल इतकं हसून घेतलं. तेव्हा शितलताईंनी ठरवलं की आपलं स्वतःचं शेड हवं, आणि त्यात कायमचा मिस्त्री हवा. राहायला खोली, महिन्याचा पगार, बोर्डावर नाव.

मिस्त्री एकच हवा होता. हे त्यांनी गॅरेजात येऊन स्पष्टच सांगितलं.

"दुसरा हाय कोण?" म्हाळू मिस्त्री म्हणाला.

शितलताईंनी महेंद्रकडे पाहिलं. "महेंद्रदादा पण जुने आहेत ना, आप्पा?"

"ह्यो?" मिस्त्री मोठ्याने हसला. अलीकडे तो सगळंच मोठ्याने करायचा. "ह्याला अजून हँडल मारता येत न्हाई. ए म्हेंद्र्या, दाव रं ताईंला मनगट!"

महेंद्रने दाखवलं. शितलताई हसल्या नाहीत, पण बरोबर आलेला त्यांचा दीर हृतिक हसला. ठरलं असं की पुढच्या आठवड्यात लाल एमजी इथं आणायची, मिस्त्रीने ती नळी लावून जमवायची आणि हृतिकने त्याचं शूटिंग करायचं. नव्या शेडची जाहिरात म्हणून ते मोबाइलवर सोडायचं. त्याच दिवशी किल्ल्या द्यायच्या. म्हाळू मिस्त्रीने शूटिंगसाठी नवा सदरा घ्यायचं ठरवलं.

महेंद्र घरी गेला आणि मोनालीला म्हणाला, "संपलं. पत्रा जाणार, मी बी जाणार." मोनाली म्हणाली, "तुमी ताईंना सांगितलं न्हाई, मला काम येतं म्हणून?" तो म्हणाला, "आप्पा बसल्यात तवर माझं कोण ऐकतंय?" वाक्य साधंच होतं, पण दोनच दिवसांनी त्याला ते पुन्हा आठवावं लागलं.

त्या दुपारी मिस्त्री कुरकुंभला सुटे भाग आणायला गेला होता. अंजनाबाईने महेंद्रच्या ताटात भाकरी टाकली आणि उठायच्या ऐवजी समोर बसली.

"म्हेंद्र, एक सांगू का? कुनाला बोलू नगंस."

"बोला की, मावशी."

"ह्यांना ऐकू येत न्हाई."

महेंद्रचा घास हातातच राहिला.

"वरीस झालं, उजवा कान पार गेलाय. डाव्यात जरा हाय, त्यो बी नसल्यासारखाच. पुण्याला दाखवलं. डाक्टर म्हनला मशीन घाला. ह्यांनी मशीन फेकून दिलं. म्हनले, मशीनवाल्या मिस्त्रीकडं कोन गाडी आनंल?" तिने पदराने डोळे पुसले. "व्हटांकडं बघून वळखत्यात मान्सं काय बोलत्यात ते. झाकली मूठ हाय बाबा. तिकडं शेडात ताईंच्या म्होरं काय हून बसलं तर? तू बरूबर जा. ताईंला मी सांगते, म्हेंद्रला बी घ्या म्हून. तू त्यांचा कान हो."

"व्हय, मावशी," महेंद्र म्हणाला.

"शपथ?"

"शपथ."

त्याने भाकरी संपवली. गेल्या कित्येक महिन्यांतल्या गोष्टी एकेक करून जागेवर बसत होत्या. मागून मारलेली हाक फुकट जायची ती, फोन वाजत राहायचा तो, मिस्त्री बोलताना ओरडायचा ते. आणि ती नळी! म्हणजे हा माणूस वर्षभर नुसतं नाटक करतोय. डोळे मिटायचे, मान हलवायची, लागला कान. मग गाड्या जमत होत्या कशा, हा प्रश्न महेंद्रच्या डोक्यात आला खरा. पण त्याने तो शेवटच्या घासाबरोबर गिळून टाकला. तो प्रश्न त्याला नको होता. त्याला जे हवं होतं ते ताटात वाढून मिळालं होतं.

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. महेंद्रला ते आठवलं नाही असं नाही. ती रात्र त्याने कूस बदलत काढली. पण मीठ एकीकडे आणि मनगट एकीकडे असं तोलून पाहिलं तर मनगटच जड भरत होतं. तसंच जावं आणि शितलताईंना सांगावं, तर म्हातारा नाकारणार, वर चार शिव्या देणार आणि लोक म्हणणार, बघा, कानामागून आली आणि तिखट झाली. सांगून उपयोग नव्हता. दाखवायला हवं होतं. सगळ्यांसमोर, जसं मनगट दाखवतात तसं.

पेट्रोलच्या टाकीला बारीक भोक पडलं की गॅरेजवाले कपड्याचा साबण चोळून ते तात्पुरतं बुजवतात. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, आणि त्याचा बूच चांगला घट्ट बसतो. शूटिंगच्या सकाळी मिस्त्री नवा सदरा घालत असताना महेंद्रने साबणाच्या वडीचा तुकडा मळून मऊ केला, रबरी नळीच्या तोंडात कोंबला आणि स्क्रू-ड्रायव्हरने चांगला आत, मध्यापर्यंत रेटला. फुंकून पाहिलं. हवेचा कणसुद्धा पलीकडे जात नव्हता. कान असलेला कुणीही माणूस ती नळी कानाला लावताच म्हणाला असता, अरे, ही तुंबलीय. नळी पुसून त्याने खुंटीवर टांगली.

लाल एमजी आली. शितलताई आल्या, हृतिक तिपाई घेऊन आला. चहावाला आला, पलीकडचा वेल्डर आला, पंक्चरवाला आला. अंजनाबाई घराच्या दारात उभी राहिली आणि तिने महेंद्रकडे पाहून हळूच मान हलवली. महेंद्रनेही हलवली.

बॉनेट उघडलं, हवेची गाळणी काढली. इंजिन सुरू केलं. प्रवासाने तापलेलं होतं, आणि दोन सुरांत बोलत होतं. चहावाल्यालाही कळावं इतकं. म्हाळू मिस्त्रीने हात पुसले, खुंटीवरची नळी घेतली, मोबाइलकडे बघून एकदा मिशी सारखी केली आणि वाकला.

नळी कानात घातली. दुसरं टोक डाव्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी नेलं. ते धरताना त्याची दोन बोटं नेहमीसारखीच कार्ब्युरेटरच्या ओठावर टेकलेली होती. डोळे मिटले. मग उजवीकडे गेला. तिथंही बोटं टेकली. पुन्हा डावा. स्क्रू चिमटीत घेतला.

महेंद्र वाट बघत होता. अजूनही म्हाताऱ्याने नळी काढून झटकली असती, चार शिव्या हासडल्या असत्या, तर खेळ तिथंच संपला असता.

मिस्त्रीने स्क्रू केसभर फिरवला. दुसरा केसभर उलटा. दोघांना जोडणारा मधला दांडा आवळला, खालची नटं पाव-पाव आटा सरकवली. मान हलवली, ओठ मुडपले, गाणं समजणाऱ्या माणसासारखा चेहरा केला. मग सरळ झाला, डोळे उघडले आणि मोबाइलला म्हणाला, "लागला कान! काय गोड सुस्कारा टाकतीय बगा. दोगी भैनी एका सुरात!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शितलताई हसल्या आणि पर्समध्ये किल्ल्यांसाठी हात घातला.

"ताई, एक मिनिट," महेंद्र म्हणाला. पुढं झाला, मिस्त्रीच्या हातातून नळी घेतली आणि हृतिककडे दिली. "तुमी बी ऐका की. बगा कसा गोड सुस्कारा हाय."

हृतिकने नळी कानाला लावली, वाकला, तोंड वाकडं केलं. "काहीच येत नाहीये."

"कसं यील?" महेंद्रने नळी परत घेतली, तार आत घालून रेटली, आणि दुसऱ्या टोकाने साबणाचा तो बूच हळूहळू बाहेर आला. पिवळा, ओलसर, करंगळीच्या पेराएवढा. त्याने तो तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवला. मोबाइललाही दाखवला. "सकाळपासनं तुंबलीय. आप्पांना न्हाई कळलं. आप्पांना काईच कळत न्हाई. ठार बहिरे झाल्यात. वरीस झालं सोंग करत्यात."

आधी कुणाला उमजेना. मग पंक्चरवाला फिसकन हसला. मग वेल्डर. चहावाला म्हणाला, "आयला, आन् मी भांडी वाजवायची थांबत होतो!" आणि मग मात्र जो हशा उसळला तो आवरेना. इतक्या वर्षांत ज्यांना ज्यांना मिस्त्रीने टोचलं होतं ते सगळे जणू त्या हशात वसुली करत होते. हृतिक हसता हसता मोबाइल हलू नये म्हणून एका हाताने दुसरा हात धरत होता.

म्हाळू मिस्त्री मधोमध उभा होता. महेंद्र बोलला तेव्हा त्याचं तोंड दुसरीकडे होतं, त्यामुळे काय बोलणं झालं ते त्याला कळलं नव्हतं. लोक हसताना त्याने पाहिले आणि आपणच काहीतरी चांगलं बोललो असणार असं वाटून तोही हसला. मोकळेपणी, मिशीला हात लावून. मग त्याची नजर महेंद्रच्या तळहातावर गेली. साबण त्याला कळला. नळी कळली. हसू एकदम गेलं नाही. चेहऱ्यावर ते काही वेळ तसंच अडकून राहिलं, आणि तेच बघवत नव्हतं.

दारातली अंजनाबाई आत गेली. तिने कडी लावून घेतली. त्या कडीचा आवाज महेंद्रला ऐकू आला.

"मग गाडीचं काय?" शितलताई म्हणाल्या. त्या एवढ्याशा हसल्या होत्या आणि आता त्यांना त्याचीही लाज वाटत होती. "परवा तिला वरातीला जायचंय. बिघडवून ठेवली असेल ना त्यांनी?"

"बगतो की," महेंद्र म्हणाला.

त्याने नळी फडक्याने पुसली, फुंकून पाहिली, कानात घातली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या कानात होती. मोबाइल त्याच्याकडे वळला. तो वाकला आणि डावा कार्ब्युरेटर ऐकला. बारीक, एकसारखा सुस्कारा. मग उजवा.

तोच सुस्कारा.

पुन्हा डावा ऐकला. पुन्हा उजवा. त्याने नळी दुसऱ्या कानात घालून पाहिली. फरक नव्हता. कार्ब्युरेटरखालची तपासणीची पिन उचलून पाहिली, इंजिन किंचित चढलं आणि जागेवर आलं, जसं यायला हवं तसं. इतकं तंतोतंत जमवलेलं इंजिन त्याने याच गॅरेजात, जुन्या दिवसांत ऐकलं होतं, तेव्हा म्हाताऱ्याला मुंगीची चालही ऐकू यायची. आणि मग त्याला ती दोन बोटं आठवली, कार्ब्युरेटरच्या ओठावर टेकलेली. हवेची ओढ म्हातारा बोटांनी मोजत होता. नळी नुसती लोकांसाठी होती. कान गेला तसा त्याने वर्षभरात, कुणाला न सांगता, या वयात, दुसरा कान उगवून घेतला होता.

जमवायला काही उरलंच नव्हतं. महेंद्रने सरळ होऊन एवढंच म्हणायचं होतं: ताई, गाडी जमलीय. तीन शब्द. सगळे त्याच्याकडे बघत होते. बोर्डावरचं नाव बघत होतं. मोनाली, न्हावऱ्याची खोली, पत्र्यावरची लाल फुली, सगळं बघत होतं.

"लई बिघडवलंय का?" शितलताईंनी विचारलं.

"लई," महेंद्र म्हणाला. "डावीकडचं पार उतरलंय."

आणि त्याने डाव्या कार्ब्युरेटरचा स्क्रू अर्धा आटा सोडला. इंजिन लगेच अडखळलं, फुरफुरलं, धापा टाकू लागलं. "ऐकलं?" चहावाला पंक्चरवाल्याला म्हणाला. महेंद्रने डोळे मिटले, मान हलवली, ओठ मुडपले. मग तोच अर्धा आटा तो सावकाश परत आवळत आणला. आवाज सुधारत गेला, सुधारत गेला आणि सुरात येऊन थांबला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मघापेक्षा जास्त वाजवल्या.

त्याने डोळे उघडले तेव्हा म्हाळू मिस्त्री गाडीच्या पलीकडे उभा होता. त्याचा तळवा लाल मडगार्डवर पसरलेला होता. तो महेंद्रच्या तोंडाकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता.

"हुतं तितंच आनून ठिवलंस की रं," तो म्हणाला.

बहिऱ्या माणसाचं बोलणं ते. गरजेपेक्षा मोठं, सपाट. हृतिकला पुन्हा हसू फुटलं. "आप्पा अजून सोडत नाहीत बघा!" सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं वेल्डर म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले. महेंद्रही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

शितलताईंनी किल्ल्या त्याच्या हातात दिल्या. मग त्याला जरा बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "महेंद्रदादा, मला कसंतरीच वाटतंय. म्हातारा-म्हातारी जाणार कुठं? आप्पांनाही घेऊ आपण तिकडं. मागची एक खोली आहे. बसून राहतील, जमेल तेवढं करतील. तुम्ही म्हणत असाल तर."

महेंद्रने पाहिलं. तळवा अजून मडगार्डवर होता. रोज सकाळी तो तळवा कुठल्या ना कुठल्या गाडीवर असणार. आपण स्क्रू फिरवणार आणि तो तळवा काही न बोलता सगळं ऐकणार. दुसऱ्या कुणाला कळलं नाही ते त्याला कळलंय, आणि रोज कळत राहणार. महेंद्रला भीती वाटली. मनगट मोडलं त्या दिवशीही त्याला इतकी भीती वाटली नव्हती.

"नको ताई," तो तितक्याच हळू म्हणाला. "गाड्या मागं-म्होरं हुत्यात तिथं. हॉर्न ऐकू न येणारा माणूस जोखमीचा. उद्या काय झालं तर नाव तुमचं यील."

शितलताईंना ते पटलं. पटण्यासारखंच होतं. त्यांनी सुस्कारा सोडला आणि मान डोलावली.

म्हाळू मिस्त्रीने दोघांना ओठ हलवताना पाहिलं होतं. पण ती दोघं बाजूला वळून बोलत होती, त्यामुळे त्याला वाचता आलं नव्हतं. गाडीला वळसा घालून, मडगार्डवरचा हात न काढता तो जवळ आला. त्याने डावा कान पुढं केला.

"काय म्हंत्यात ताई?"

"आप्पांना न्यायचं न्हाई, असं म्हणतोय मी," महेंद्र पुटपुटला.

"आं?"

"तुमाला न्यायचं न्हाई."

"मोट्यानं बोल की जरा."

चहावाला, वेल्डर, पंक्चरवाला सगळे थांबून बघत होते. हृतिकचा मोबाइल अजून चालूच होता. इंजिन सुरात चाललं होतं. महेंद्र वाकला, तोंड म्हाताऱ्याच्या कानाशी नेलं आणि बंद दारापलीकडेही जावं इतक्या जोराने ओरडला, "तुमी नको म्हणालो मी! तुमी नको!"

म्हाळू मिस्त्रीने मडगार्डवरचा हात काढून घेतला.

"आता आलं ऐकू," तो म्हणाला.